मंजूच्या हातातलं ताट

लातूर, शनिवार, दिवेलागणीला

लिही मंजे, तुझ्या आजीच्या वहीत लिही, आज माझं डोस्कं लई तापलंय. तुमच्या कॉलेजनं बनवलेली ती लांब पल्ल्याच्या शर्यतीची गाडी. पहिल्या साली तिचं चाक निखळलं, दुसऱ्या साली इंजिनातून धूर निघाला. औंदा तू तिच्यात बसलीस आन ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत खड्ड्याखड्ड्यांतून पळवत शेवटाला नेलीस. आन आज सत्कारात काय? फेटे पोरांना, तुझ्या हातात ओवाळायचं ताट! मेल्यांनी गाडीला बी हार घातला, तुला कुंकवाचं बोट न्हाई. आन तू हसत हसत त्यांनाच ओवाळून राहिलीस. मंजे, ताट घेतलंसच कसं?

"आजी, पुढल्या साली गाडीत कोण बसणार, ते सरच ठरवतात," म्हणतेस.

असं हाय होय! म्हणजे पुन्हा गाडी चालवायची, तर कधी चालवलीच न्हाई असं वागायचं.

आता लिहायची थांबलीस का? डोळे पूस. ही वही तुझ्या सरांना दाखवू नको, पर लिही: औंदा गाडी मंजूनं चालवली. अक्षर तुझं. खाली अंगठा माझा.