काळी शाई आणि मागचा जिना

११ सप्टेंबर, रविवार

दुकानातल्या प्रिंटरची काळी कार्ट्रिज संपली! परवाच सुईनं शाई भरली होती. एका नकाशात संपली — एका!

ती उजमा. वरच्या होस्टेलातली, भोकरची. डॉक्टरीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसायली. पेनड्राइव्ह घेऊन आली, म्हणली, ताई, हे काढून द्या, मोठ्ठं, पानं जोडून. मी माझ्या लेकीला, सांचीला, कडेवर घेऊन बटन दाबलं. मशीन घरघर घरघर. बघते तर पान न् पान काळं! मधी दोन-चार पांढरी भोकं, बाकी सगळं डांबर. कागद भिजून पापडावाणी वाकडा.

म्हणलं, हे काय गं?

"गुहा हाय ताई. खेळाची. आम्ही चौघी बसतो. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी लढायचं. फासे टाकायचे, राक्षस आला की पळायचं. मोबाईल तर होस्टेलच्या मॅडम कुलपात ठेवतेत. मग कागदावरच."

"अन् काळं कशाला?"

"गुहेत अंधार असतो ना."

"अंधार मनात धरा! माझ्या मशीनातून कशाला?"

हसली! माझं मशीन कोरडं अन् ही दात काढायली. उद्या पोरं नोट्स काढायला येतील, त्यांना काय माझं तोंड छापून देऊ?

१३ सप्टेंबर

टिप्पर गेलं रस्त्यानं. स्लॅब थरथरला. मी सांचीला उचलून शटरच्या बाहेर! समोरचा बेकरीवाला म्हणला, "वहिनी, रोजच पळता का?"

हाव, रोजच पळते. तुझ्या बापाचं काय जातंय!

माझं माहेर किल्लारी. भूकंप झाला तेव्हा मी जन्मले पण नव्हते. पण भ्या मात्र आईच्या दुधातून आलंय. आईचं कुडाचं घर होतं म्हणून ती वाचली. मोठ्या लोकांची दगडमातीची माळवदं बसली, त्यातनं तिनं हातानं माणसं काढली. आजबी कुणाच्या घरी गेली की पाणी घ्यायच्या आधी मागचं दार कुठाय ते बघती. लोक हसतेत. मी पण तसंच करते. आमच्याकडं सगळ्या बाया तसंच करतेत. अन् माझ्या या बिल्डिंगीत तर आईनं अजून पाय ठेवला न्हाई. वर तीन मजले पोरी, खाली माझं दुकान, दुकानाच्या मागं आमची खोली. म्हणती, "एवढं ओझं डोक्यावर घेऊन झोप कशी लागती गं तुला?"

लागत न्हाई आई.

१५ सप्टेंबर

उजमाला बसवलं कम्प्युटरवर. म्हणलं, आता तूच खोड. माझी शाई पिणार न्हाई असा नकाशा कर, न्हाईतर राक्षसाला दुसरीकडं घेऊन जा.

आधी सगळं काळं काढून टाकलं. भिंत म्हणजे नुसती रेघ. दगड दाखवायचा तर भिंतीच्या कडंला बारीक तिरक्या रेघा, आई गोधडीला टाके घालती तशा. जमिनीवरच्या फरशा पुसल्या. चौकडीच्या जागी ठिपके. मग मी सेटिंगात जाऊन ड्राफ्ट केलं, म्हणजे शाई कमी लागती, अन् फक्त काळी शाई. कारण नुसतं ग्रे केलं की हे हरामखोर मशीन रंगीत शाई मिसळून ग्रे करतं! हे मला एक रंगीत कार्ट्रिज मेल्यावर कळलं होतं. चिखल, पाणी, रक्त — ते पोरींनी आपल्या खडूनं करावं.

निघाला. हलका, कोरडा, सुरेख. सगळा नकाशा मिळून पयल्याच्या एका पानाएवढी पण शाई लागली न्हाई.

उजमा म्हणली, "ताई, आता तर दार कुठं, भिंत कुठं, सगळं दिसायलंय."

दिसणारच. काळं पुसल्यावर दिसतंच की.

नवऱ्याचा, प्रेमचा, नांदेडहून फोन. शोरूमला सुट्टी न्हाई, या रविवारी येणार न्हाई. वरून मलाच, "पोरींचे लाड करू नको." लाड! ये अन् एक दिवस सांचीला सांभाळून हे मशीन चालव, मग बोल.

१८ सप्टेंबर, रविवार

पेननं कागद फाटायलाय. रागानं.

उजमाला टेस्टमुळं नवी गुहा काढायला वेळ न्हाई. म्हणून तिनं होस्टेलच काढलं! वरचे तिन्ही मजले, पावलांनी मोजून. नाव दिलं "राक्षसाचा महाल". शिवकांता मॅडमच्या खोलीवर लिहिलं "राक्षस". मी लई हसले. सांची पण हसली, मला बघून.

मग पान हातात घेतलं अन् सवयीनं मागचं दार बघितलं. मागं जिना हाय. त्याच्यावर फुली.

"हे काय?"

"बंद हाय ताई. प्रत्येक मजल्यावर कुलूप. आत गाद्या अन् मोडके कूलर कोंबलेत. खेळात तिथं सापळा दाखवलाय आम्ही."

मला वाटायचं, मागचा जिना चालू हाय. वरच्या पोरी तिथून निघतील, त्याच भरवशावर मी रोज आडवी होते! पुढच्या जिन्याला खाली जाळीचं दार, त्याला मॅडमचं कुलूप. मागं फुली. एवढ्या पोरी, अन् हलायला लागलं तर जायचं कुठून?

१९ सप्टेंबर

मी लई मोठी येडी हाय.

नकाशा घेऊन शिवकांता मॅडमकडं गेले. म्हणलं, मॅडम, हे बघा, मागचा जिना उघडा.

"पालकांनीच सांगितलंय कुलूप लावा म्हणून. मागून पोरं येतेत."

"अन् भूकंप आला तर?"

"तुमच्या डोक्यातून किल्लारी काढा आता. काय तुम्ही लोक..."

मग कागद ओढून घेतला. चष्मा लावला. "राक्षस" वाचलं. काळी गुहा असती तर खेळ दिसला असता. पण आम्ही शाई वाचवली ना! नुसत्या रेघा, दारं, जिने, कुलपं — इंजिनियरनं काढल्यावाणी.

"पळून जायचा प्लॅन! कुणी काढला हा?"

मी म्हणलं, खेळ हाय मॅडम, फासे टाकतेत त्या. ऐकतंय कोण? कोपऱ्यात उजमानं आपलं नाव घातलेलं, फुलं काढून!

मीच नेऊन दिला. माझ्या हातानं. जिना उघडायला गेले अन् पोरीलाच अडकवून आले.

२१ सप्टेंबर

बिल्डिंगचे मालक आले दुकानात. चंद्रप्पा. खुर्ची मागितली न्हाई, सांचीच्या पाळण्याला टेकून उभे राहिले.

"महामायाबाई, रविवारी पालक येणारेत. पोरीचा बापबी येईल. त्याच्या तोंडावर सांगायचं, तुमच्या पोरीनं चोरून छापून घेतलं, पळायसाठी. तो पोरीला घेऊन जाईल. विषय संपला."

"अन् न सांगितलं तर?"

"दुसरं दुकान बघायचं. लेकरू घेऊन हिंडा मग भाड्यासाठी. अन् जिन्याचं नाव काढायचं न्हाई."

पाळणा हलवला थोडा, अन् गेले. माझ्या लेकराचा पाळणा! हात तोडून ठेवावा वाटला.

प्रेमला फोन केला. म्हणला, "सांगून टाक ना. आपली कोण लागती ती?"

मी फोन कापला. मग रडले. मग परत राग आला.

२२ सप्टेंबर

उजमाला क्लासला पण जाऊ देईनात. खिडकीत दिसली. मी खाली मान घातली. भ्या वाटतंय म्हणून. स्वतःचाच राग यायलाय.

२४ सप्टेंबर, शनिवार

फाईल कम्प्युटरात होतीच. "राक्षस" पुसलं. उजमाचं नाव पुसलं. नुसती बिल्डिंग ठेवली. मग मागच्या जिन्यावर फुली होती ना, तिथं बोट ठेवलं अन् तो जिना भरून टाकला. काळा. तिन्ही मजल्यांवर. ड्राफ्ट काढून टाकलं. पी म्हणलं मशीनाला, आज किती प्यायची ती पी!

कार्ट्रिज कोरडी होईपर्यंत कागद काढले.

२५ सप्टेंबर, रविवार

पालक आले. गाड्या, डबे, पिशव्या. मी सांचीला कडेवर घेऊन जाळीच्या दारात उभी. आत जाईल त्याच्या हातात एक कागद.

मालक वरून बघायले. त्यांना वाटलं, मी झेरॉक्सची जाहिरात वाटायली!

उजमाचे अब्बा आले. दस्तगीर चाचा, भोकरला टेलर हायेत. मालकानं खाली येऊन मला पुढं केलं. "सांगा बाई."

मी चाचाच्या कागदावर बोट ठेवलं. म्हणलं, "चाचा, तुमची पोरगी पळणार नव्हती. खेळ होता. छापला मीच. पण हे काळं बघा. पळायची वेळ आली तर तिला वाटच न्हाई."

चाचानं कागद उलटा-सुलटा केला. मालकाला म्हणले, "सेठ, सदरा शिवला अन् गळाच शिवून टाकला की तुम्ही. मुंडकं कुठून काढायचं लेकरानं?"

कुणीतरी हसलं. मग एक निलंग्याची बाई ओरडली, "आमच्याकडं जमीन गडगड करायली रोज, अन् तुम्ही कुलपं लावता?" मग काय! सगळे बाप एकदम. शिवकांता मॅडम म्हणल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना कुलूप लावा म्हणून!" एक बाप म्हणला, "हाव, मीच सांगितलं होतं. आता मीच सांगायलो, काढा."

उजमा जाणार न्हाई. चाचा म्हणले, शिकू द्या तिला.

मालक जाताना माझ्याकडं बघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

२८ सप्टेंबर

कुलपं काढली. गाद्या, कूलर, उंदरं — सगळं बाहेर. सांचीला खोलीत निजवून मी पण वर गेले. कुलपं निघतेत का बघायला चाचा परत आले होते, दोन-तीन बाप होते. उजमा अन् मी सगळ्यांच्या पुढं. मजला उतरलो, परत उतरलो, परत उतरलो.

खाली दार न्हाईच. विटांची भिंत. दार बुजवून टाकलेलं.

उजमानं जोरात थाप मारली. पलीकडून लेकराचं रडणं आलं.

सांची.

जिन्याची वाट बंद करून मालकानं तिथं खोली काढली. तीच मला भाड्यानं दिली. सगळे माझ्याकडं बघायले, आता ही काय म्हणती म्हणून.

म्हणलं, फोडा. पण थांबा, आधी लेकरू उचलून आणते.