रेघेला टेकलेलं डोकं

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (मी उभा राहिलो काय नि साष्टांग घातला काय, लांबून सारखंच दिसतं, हे तुझं लाडकं वाक्य आहे. तेव्हा तुला सोयीचं असेल तसं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दिवसभर उकिडवं बसून फरश्या बसवणाऱ्या माणसाने गुडघ्याखाली उशी घ्यावी, असं वहिनी सांगून सांगून थकली, पण तू ऐकशील तर शपथ. इकडे आम्ही तिघं मजेत आहोत. तू बसवून दिलेली न्हाणीघराची फरशी अजून नव्यासारखी आहे. निळ्या चौकटीत पिवळं फूल. सकाळी सकाळी बघून डोळे निवतात. जुनी उखडायची कशाला, तिच्यावरच नवी चढवू, दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात, ही तुझी युक्ती. त्या युक्तीपायी दार अर्ध्यात अडतं आणि आम्ही सगळे तिरपे होऊन आत जातो, पण माझी अजिबात तक्रार नाही. उलट बेसिनवरच्या आरशात पूर्वी मी स्वतःला भुवयांपर्यंतच दिसायचो, तो आता नाकापर्यंत दिसतो. (दाढी अजून अंदाजानेच करतो.)

आता बातमी. बसून वाच. दादा, मी उलटगाडीच्या रेघेला टेकलो!

करमणूक बागेतली उलटगाडी तू विसरला नसशील. लहानपणी तू तिच्यात बसून पुन्हा पुन्हा डोकं खाली पाय वर करून आलास, आणि मी खाली तुझ्या चपला सांभाळत उभा होतो. पुढे तुझ्या मुलांच्या चपला सांभाळल्या. फाटकाशी भिंतीवर एकशे चाळीस सेंटिमीटरची लाल रेघ आणि त्या रेघेवर ठोकलेली आडवी फळी. डोकं फळीला टेकलं तर आत, खालून सुटलं तर बाहेर. मी एकशे सदतीस. नोकरीला लागलो, चपलांच्या दुकानात मुख्य विक्रेता झालो (लोकांच्या पायाशी बसायला उंची कशाला लागते, हाही विनोद तुझाच), लग्न झालं, लेक झाली, पण मी आपला एकशे सदतीस. पाठीला पाठ लावून लेकीला मोजायचा आमचा रविवारचा कार्यक्रम असतो. यंदा ती वाढत वाढत नेमकी माझ्याएवढी झाली. तिचा एकच हट्ट होता, की उलटगाडीत बसायचं ते बाबांच्या शेजारी. पुढच्या वर्षी ती माझ्या पुढे निघून जाईल, आणि मग तिच्याही चपला माझ्याच हातात येतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. तुला हसू येईल, पण त्या विचाराने माझी झोप उडाली होती.

गेल्या वर्षी मी फळीवालीशी भांडलो होतो. (फळीवाली म्हणजे फाटकावर माप घेणारी बाई. खाकी टोपी, गळ्यात शिट्टी, आणि तोंडावर कधी हसू नाही. माझी उंची बघून न हसणारी माणसं मी बोटावर मोजू शकतो, म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे.) मी तिला म्हटलं, मला मिशी आहे, मला डोक्यावरून गाड्या गेल्या तरी भीती वाटत नाही, आणि ज्यांना तुम्ही आत सोडताय ती कालची पोरं आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला उभ्या गाडीत नेऊन बसवलं. पाय लोंबकळले. खांद्यांवरून येणारी दांडी खांद्यांना लागलीच नाही, नाकासमोर येऊन थांबली. मांडी आणि दांडीच्या मध्ये एवढी जागा, की आणखी एक मी मावलो असतो. "काका, हे धैर्याचं माप नाही," ती म्हणाली. "दांडी ज्या मापाची केलीय, त्या मापाचाच माणूस ती धरणार. गाडी उलटी झाली की बाकीच्यांना धरायला कुणी नाही." मला मुद्दा पटला. पटल्यावर राग आणखी आला, पण तो घरी आणला.

यंदा मी नेहमीप्रमाणे फळीखाली उभा राहिलो तो केवळ रीत म्हणून, आणि टाळूला टक् झालं. मला वाटलं, माशी. पुन्हा उभा राहिलो. पुन्हा टक्! लेक शेजारी उभी राहिली, तिलाही टक्! फळीवालीने मला नीट न्याहाळलं, पण नियम म्हणजे नियम. टेकलं तर आत. दादा, त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. चाळिशी उलटल्यावर माणूस वाढू शकतो यावर माझा तत्काळ विश्वास बसला. मी तुझी आठवण काढली, आणि चपला रांगेतल्या एका सहा फुटी माणसाच्या हातात देऊन आत गेलो. (तो फक्त बायकोची वाट बघत होता. पण कुणाच्या तरी हातात द्यायच्याच होत्या.)

लेक आणि मी शेजारी शेजारी बसलो. दांडी खाली आली, खट्कन बंद झाली, आणि माझ्या नाकासमोर येऊन थांबली. पाय लोंबकळत होते. मांडी आणि दांडीच्या मध्ये तोच तो आणखी एक मी. लेकीकडे पाहिलं, तिचंही तेच. पुढच्या डब्यात दोन जुळ्या मुली होत्या, दांडीच्या वर नुसत्या त्यांच्या वेण्या दिसत होत्या. फळीने हो म्हटलं होतं, पण दांडी नाही म्हणत होती, आणि दोघींपैकी एक नक्की खोटं बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला पास करणारी फळी खोटी ठरावी, असं कुणाला वाटेल? मी अर्धा क्षण विचार केला. अर्धाच. मग ओरडलो, गाडी थांबवा!

गाडी चालवणारा काचेच्या खोलीत होता. त्याने हाताने खूण केली, की दांडी बंद आहे, घाबरू नका, आता फेरी संपल्याशिवाय कुणालाही बाहेर पडता येत नाही. त्यावर मी काय केलं असेल? मी हात वर केले, पोट आत घेतलं, आणि त्या बंद दांडीखालून सरळ घसरून बाहेर आलो. तुझ्या पायजम्यातून ऐन वेळी नाडी निघते ना, तसा. चालत गेलो आणि काचेवर टकटक केली. तो बिचारा पांढराफटक पडला. एकदा माझ्याकडे बघे, एकदा बंद दांडीकडे. त्याने लाल बटण दाबलं.

मग फळीवाली धावत आली, मॅनेजर आला, टेप आला. फळी जमिनीपासून मोजली तर एकशे सदतीस. म्हणजे मी वाढलो नव्हतो. जमीन वर आली होती. जुळ्यांना आणि आणखी पाच-सहा पोरांना खाली उतरवलं, त्यांनी रडून आकाश डोक्यावर घेतलं. माझी लेक रडली नाही, पण मला म्हणाली, "बाबा, एकदा तरी उंच राहायचं होतंत ना!" ते मात्र मला लागलं. खूप लागलं. तेवढ्यात जुळ्यांची आई आली. तिने बंद दांडी पाहिली, मुली पाहिल्या, आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. लेक हे सगळं बघत होती. मग मॅनेजरने भोंग्यावरून माझे आभार मानले आणि अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या, त्या सहा फुटी माणसानेसुद्धा, माझ्या चपला काखेत धरून! आणि लेक रांगेत सगळ्यांना सांगत सुटली, की ते माझे बाबा आहेत, त्यांना कुठलीच दांडी अडवू शकत नाही. फळीवाली हसली. मी प्रत्यक्ष पाहिलं. नंतर लेक आणि मी बदकांच्या होडीत बसलो, आणि होडी तीन फुटांच्या पाण्यातून इतक्या ऐटीत गेली, की उलटगाडीची आठवणही झाली नाही. (झाली. पण थोडी.)

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि "सहा फुटी" हा शब्द जरा जोरात वाच.

तुझा धाकटा (आणि तेवढाच)

ता. क. खरं सांगू का? त्या गाडीत बसल्याबरोबर, दांडी यायच्या आधीच, माझे पाय लटपटायला लागले होते. दांडी नीट बसली असती तरी मी ओरडलो असतोच, फक्त कारण वेगळं असतं. हे लेकीला कळता कामा नये.

आणखी एक. ती जमीन वर कशी आली, हे लिहायचं राहिलं. फाटकाशी नुकतीच नवी फरशी बसवलीय. जुनी न उखडता, तिच्यावरच. निळ्या चौकटीत पिवळं फूल. मॅनेजर विचारत होता, कंत्राटदाराने आणलेला हा मिस्त्री कोण. मी म्हटलं, ओळखीचा आहे, उंच आहे, पण वाकेल. तेव्हा रविवारच्या आत छिन्नी-हातोडा घेऊन ये आणि सगळी उखडून परत बसव. आणि येताना तोंडावर हसू नको, कारण काम मान्य करायची रीत ठरली आहे: तुझी फरशी झाली की फळीखाली मी उभा राहणार. मी नापास झालो, तरच तू पास.