दोन घास पोटात गेल्यावर

मंगळवार, ४ तारीख

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचलो. हॉटेलच्या कागदावर लिहून फोटो धाडते आहे. फोन असताना पत्र कशाला, असं हे विचारतात. पण पोस्टमनच्या मुली आपण. परगावाहून पत्र नाही धाडलं तर नाना स्वप्नात येऊन जाब विचारतील.

खोली अकराव्या मजल्यावर आहे, खिडकीतून नदी दिसते. पडद्याची दुमड उसवली होती. सुईदोरा जवळ होताच, घालून टाकली. ह्यांनी कपाळावर हात मारला, की बाई, इथे तरी शिवणकाम सोड. स्वतः काय कमी आहेत? सकाळी न्याहारीला चाळीस भांडी मांडलेली, तर एकेक झाकण उघडून पाहणी सुरू. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात छत्तीस वर्षं पोरांना रांधून घातलेला माणूस पाहुण्यासारखा बसणार कसा! डावातला थेंब तळहातावर घेऊन चाखला, तेव्हा वाढपी चमचा घेऊन धावत आला.

ह्यांना डाव्या बाजूने चावता येत नाही. मऊ असेल ते गार करून खातात, पण खातात. जन्मभर दुसऱ्यांना वाढलं, जीभ जायच्या आधी पाच दिवस मला कुणीतरी वाढू दे, एवढंच मागितलं होतं त्यांनी. पुढच्या बुधवारी, बाराला, अर्धी जीभ काढतील. चव किती उरेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी मात्र बारा तारखेवर डोळे लावून बसले आहे. जीभ गेली तर गेली, माणूस राहू दे.

स्कॅनचा रिपोर्ट एवढ्यात येईल. तू हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीवर बसतेस, म्हणजे आधी तुझ्याच हाती पडेल. आला की कळव.

माया आहे तशी असू दे.
तुझी,
ताई


बुधवार, ५ तारीख, सकाळ

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लावून लिहिते आहे. भाऊजींचा रिपोर्ट आला. गाठ फुप्फुसात पोचली आहे, दोन्ही बाजूंना. मी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेले. ऑपरेशन आता होणार नाही म्हणाले. जीभ काढून नुसते हाल होतील, आयुष्य वाढणार नाही. किती दिवस, असं विचारलं तर दोन-तीन महिने म्हणाले. कुठे आहेत ते, असं डॉक्टरांनी विचारलं. फिरायला गेलेत म्हटल्यावर म्हणाले, चांगलं केलं, फिरू द्या, जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या.

बारा तारखेचं त्यांचं नाव मीच माझ्या हाताने वहीतून कमी केलं.

ताई रिपोर्टची वाट पाहते आहे. सांगू की नको? तू थोरला आहेस, तूच सांग. माझं डोकं चालत नाही.

तुझा आधार राहू दे.
धाकटी


बुधवार, ५ तारीख, दुपार

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचलं. कामावर आहे, क्रेनवरून उतरून लिहितो आहे.

सांगू नकोस. परगावी गेलेल्या माणसाला वाईट बातमी धाडायची नाही, हा आपल्या घरचा नेम. नाना दुसऱ्यांच्या तारासुद्धा माणूस खाली बसून पाणी प्यायल्याशिवाय हातात देत नसत. रविवारी येतील. हातपाय धुवू देत, दोन घास पोटात जाऊ देत, मग सांग. चार दिवस सुखाचे आहेत, ते आपण का नासायचे?

मीही तिकडे यायला निघायचं बघतो. धीर धर, आणि माझ्यावर राग धरू नकोस.
दादा


बुधवार, ५ तारीख, संध्याकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. रिपोर्ट अजून यायचा आहे. मशीन बंद होतं म्हणे, त्यामुळे ढीग साचलाय. काळजीचं काही नाही.

पडदे शिवत बसू नकोस, नाहीतर हॉटेलवाले तुला कामावर ठेवून घेतील. भाऊजींना म्हणावं, मनसोक्त खा, मेव्हणीसाठी काही उरवू नका. आणि फोन करू नकोस. माझा घसा बसलाय, आवाज फुटत नाही.

दोघांनी लोभ ठेवावा.
धाकटी


गुरुवार, ६ तारीख

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आज मी फार वाईट वागले, आणि तरी मला वाटतं मी बरोबर आहे. तूच सांग.

नदीपलीकडे एका म्हातारीची खानावळ आहे. चार बाकं आणि एक चूल. काल हे तिथे सूप प्यायले आणि ह्यांना जणू घर सापडलं. तिची भाषा ह्यांना येत नाही, ह्यांची तिला येत नाही, पण दोघांचं हातवाऱ्यांनी तासभर चाललं होतं. तिने सरळ आत घेतलं, चुलीपाशी उभं केलं. आज आम्ही पुन्हा गेलो. तिने माशाची मोठी हाडं मंद आचेवर चढवली आणि बोटांवर मोजून दाखवलं, की हे शनिवारी तयार होईल, तेव्हा या. लग्नात दिसला नव्हता इतका आनंद मी ह्यांच्या तोंडावर पाहिला.

मग हॉटेलवर आलो, तर ह्यांनी मला न विचारता खोली आणखी आठ दिवस वाढवून घेतलेली. मी बारा तारखेची आठवण दिली. तर म्हणाले, मला नाही कापून घ्यायची जीभ. उरलेले दिवस असेच काढू, तू फक्त बरोबर बस. शांतपणे म्हणाले, आणि मी मात्र ताळतंत्र सोडलं. खालच्या दालनात, सगळ्यांदेखत, मी त्यांना म्हटलं, की म्हातारीच्या सुपापायी मला विधवा करायला निघालात. तुम्हाला बायकोपेक्षा जिभेचे चोचले मोठे. ते सोफ्यावर बसून बोटांची नखं पाहत राहिले.

मी तिकिटं बदलली आहेत, उद्या दुपारची. शनिवारपर्यंत थांबू, मग तू म्हणशील ते, असं ते दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. दोन दिवसांत मन आणखी घट्ट झालं तर? बाराला त्यांना टेबलावर पोचवलं की मग जन्मभर बोलू नयेत माझ्याशी.

रिपोर्ट आला का? या घडीला फक्त तू माझ्या बाजूला राहा.
ताई


गुरुवार, ६ तारीख, संध्याकाळ

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र चारदा वाचलं. तीनदा उत्तर लिहून फाडलं.

या. मी मऊ भात आणि वरण करून ठेवते. आल्यावर बोलू.

माझ्यावर माया ठेव, काही झालं तरी.
धाकटी


रविवार, १६ तारीख

धाकटीस,

दोन गल्ल्यांवर राहतेस, तरी लिहिते आहे. समोर आलीस तर हात उचलेन अशी भीती वाटते.

तू त्या बुधवारपासून जाणून होतीस. गुरुवारी माझं पत्र वाचलंस तेव्हाही जाणून होतीस. एक ओळ लिहिली असतीस तर मी पाय धरून त्यांना तिथे ठेवलं असतं. डॉक्टर जे म्हणाले, फिरू द्या, खाऊ द्या, तेच ते माझ्याकडे मागत होते, आणि मी त्यांना ओरडत, दंडाला धरून विमानात बसवलं. परत आलो त्या शुक्रवारी तू वाढलंस, आम्ही जेवलो, आणि मग तू तोंड उघडलंस. तुझा वरणभात अजून माझ्या घशात आहे. दादाला विचारलंस, मला विचारायला हवं होतंस. नवरा माझा आहे.

रिपोर्ट ऐकल्यावर त्या रात्री ते पाठ फिरवून झोपताना एवढंच म्हणाले, मग शनिवारपर्यंत थांबायला हरकत नव्हती. मी विधवा हा शब्द उच्चारला होता. तो कसा परत घेतात, मला माहीत नाही. माफी मागितली तर माझ्या केसांवरून हात फिरवतात. त्याने आणखी वाईट वाटतं.

आता दुसरं सांगते. परवा त्यांनी बाजारातून माशाची हाडं मागवली. त्या म्हातारीपाशी पाहिलं होतं तसं, स्टूलवर बसून दोन दिवस मंद आचेवर पातेलं राखलं. मला हात लावू दिला नाही. आज झालं. त्यांना स्वतःला दोन चमच्यांपलीकडे गिळवत नाही. चाखलं, मान डोलावली, आणि मला बसवून वाढलं.

त्यात मीठ नव्हतं. कणभरसुद्धा नाही. त्या माणसाच्या हातून मीठ विसरलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. विसरले नव्हतेच बहुतेक, त्यांना कळलंच नाही. समोर बसून विचारत होते, जमलंय का तिच्यासारखं. मी म्हटलं, अगदी तसंच. दोन वाट्या संपवल्या.

राग आहे आणि तो राहणार. तरी आज ये. पातेल्यात बरंच उरलंय. धाकटीला बोलवून आण, तिने अजून चाखलं नाही, म्हणून सकाळपासून माझ्या मागे लागलेत. ते तुला वाढतील आणि कसं झालंय ते विचारतील. काय सांगायचं ते तुला ठाऊकच आहे.

तुझी,
ताई