शिक्का एकाकडे, मूल दुसऱ्याकडे

मी, श्रीमती सुनेत्रा सुजीत कुवळेकर, व्यवसायाने इतिहासाची शिक्षिका, मूळची पुण्याची व सध्या शारजा येथे भाड्याच्या घरात राहणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. माझा कर्करोग यकृतापर्यंत गेला आहे. दुखण्यावरच्या औषधाने गुंगी येते, म्हणून हा मजकूर मी सकाळचे औषध घेण्यापूर्वीच लिहीत आले आहे. वेदना शिल्लक आहेत, बुद्धीही शिल्लक आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. या आधी केलेला मसुदा मी रद्द करते.

माझे पती सुजीत दुबईच्या जबल अली बंदरात मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरीस होते. ते दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. आम्हाला एकच अपत्य आहे, दहा वर्षांची वैभवी. माझ्यानंतर तिला कोणी वाढवावे, एवढ्यासाठीच हे मृत्युपत्र आहे. बाकीच्या वस्तूंचे मी आधी उरकून घेते.

कलम १. माझी मोटार श्री. नूरुद्दीन परकार यांना द्यावी. ते आमचे समोरचे शेजारी, मूळचे रत्नागिरीचे, आणि दुबईत रास अल खोरला त्यांचे गॅरेज आहे. या गाडीचा प्रत्येक आवाज त्यांना ओळखू येतो. ती विकण्याची त्यांना पूर्ण मुभा आहे, पण ते विकणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

कलम २. माझी सर्व पुस्तके, नकाशे आणि सुरीच्या आकाराच्या चिनी नाण्याची प्रतिकृती मी शिकवीत असलेल्या शाळेस द्यावी. आमच्या पर्यवेक्षकांनी माझा चिनी बादशहा वांग मांग याच्यावरचा तास ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून बंद केला होता. त्याबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही. तथापि त्याची शिक्षा मुलांना नको.

कलम ३. तो तास येथे थोडक्यात घेणे भाग आहे, कारण पुढच्या कलमाचे कारण त्यात आहे. ज्यांना हे मृत्युपत्र अमलात आणायचे आहे त्यांनी कृपया हा भाग गाळू नये.

दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये हान घराण्याचे राज्य होते. बादशहा वारस न ठेवता वारला, तेव्हा घराण्यातले एक अगदी तान्हे मूल वारस म्हणून निवडण्यात आले आणि वांग मांग नावाचा दरबारी त्याचा पालक झाला. त्याचे पद होते ‘हंगामी बादशहा’. मूल मोठे होईपर्यंतच, असे ठरले होते. तीन वर्षांत त्याने मुलाला खाली उतरवले आणि स्वतः सिंहासनावर बसला. बसताना त्याने मुलाचा हात हातात धरला आणि तो रडला. मला राज्य परत करायचे होते, पण दैवाची आज्ञा निराळी आहे, असे म्हणाला.

माझे विद्यार्थी येथे नेहमी विचारीत, “मॅम, ही वॉज फेकिंग?” मी सांगत असे की तसे समजणे सोपे आहे, पण थांबा. हा माणूस चैनी नव्हता. त्याने जमिनी सरकारच्या केल्या, गुलामांच्या खरेदीविक्रीला बंदी घातली, नाणी बदलली, पुन्हा बदलली, गावांची नावे इतक्यांदा बदलली की हुकमात जुने नाव सोबत लिहावे लागे. प्रत्येक सुधारणा लोकांच्या भल्यासाठी होती आणि एकही लोकांना विचारून नव्हती. त्याची हकीकत लिहिणारे त्याच्या शत्रुपक्षाचे होते हेही ध्यानात घ्यावे. मला स्वतःला त्याचे ते अश्रू खरे वाटतात, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

त्या मुलाला त्याने मारले नाही. एका वाड्यात ठेवले, खाण्यापिण्यास दिले. दायांना मात्र सक्त ताकीद होती की मुलाशी बोलायचे नाही. ते वाढले तेव्हा त्याला गाय, कोंबडी, कुत्रा यांची नावेदेखील येत नव्हती, असे नोंदलेले आहे. बाकी सगळा इतिहास कोणी विसरला तरी चालेल. हे एवढे लक्षात ठेवावे.

कलम ४. परदेशात राहणारी आपली माणसे मृत्युपत्र करताना पालक दोन नेमतात. येथला शेजारी किंवा मित्र हा तात्पुरता, आणि भारतातून विमानाने येणारा नातलग हा कायमचा. माझ्या पहिल्या मसुद्यातही तसेच होते. समोरच्या सौ. शहनाझ नूरुद्दीन परकार या तात्पुरत्या, आणि सुजीतचे थोरले बंधू श्री. शैलेंद्र कुवळेकर, म्हणजे आमचे दादा, हे कायमचे. हा बदल मी का करीत आहे ते दादांना नीट कळावे, म्हणून तपशील देते.

सुजीत गेले तेव्हा दादा पहिल्या विमानाने आले. सगळी कागदपत्रे, कार्यालये, पार्थिव मायदेशी नेण्याची परवानगी, हे सर्व त्यांनी पाहिले. ते ऋण मी विसरले नाही. क्रियाकर्म आटोपून ते आमच्याबरोबर येथे परत आले आणि दोन महिने राहिले. त्या काळात त्यांनी घर सुधारले. सुजीतचे कपडे व बूट देऊन टाकले. भिंती रंगवल्या. वैभवीचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवला आणि तिचे वेळापत्रक आखून दारावर चिकटवले. आणि एक नियम केला, तिच्यासमोर बाबांचे नाव काढायचे नाही. जखम भरू द्यायची. मी त्या वेळी विरोध करण्याच्या अवस्थेत नव्हते.

वैभवी शहाण्यासारखी वागू लागली. वेळेवर उठे, वेळेवर जेवे. जेवताना बोलत नसे. मग शाळेच्या बसमध्येही बोलेनाशी झाली.

एका संध्याकाळी शहनाझ तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोड सांदणे घेऊन आल्या. ताट ठेवता ठेवता त्या तिला म्हणाल्या, “तुझ्या बाबाला काय आवडायची गो ही. नूरुद्दीनच्या वाटणीची पण खाऊन टाकायचा, आणि वर सांगायचा, भाभी, नूरभाईंचं पोट सुटलंय, मी त्यांची सेवा करतोय.”

दादा हळू आवाजात म्हणाले, “ताई, तिला आठवण नका करून देऊ. मोठ्या मुश्किलीने शांत झालीये.”

“शांत कुठे झालीये दादा, गप्प बसलीये,” शहनाझ म्हणाल्या. “आणि आठवण मी कशाला करून देऊ? ती काय विसरलीये?”

तेव्हा वैभवी तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, “ही एट माइन ऑल्सो.” मग तिला हसू आले, आणि लगेच रडू आले. ती कितीतरी वेळ रडली. शहनाझनी तिला मांडीवर घेतले नाही की गप्पही केले नाही. शेजारी बसून सांदण मोडून देत राहिल्या आणि सुजीतची दुसरी गोष्ट सांगू लागल्या. दादा उठून गॅलरीत गेले. ते तेथे रडत होते, हे मी पाहिले आहे.

म्हणून वैभवीची कायमची पालक म्हणून मी सौ. शहनाझ परकार यांची नेमणूक करते.

या निर्णयावर पुण्यात काय बोलले जाईल हे मला माहीत आहे, म्हणून तो प्रश्न मी स्वतःच शहनाझना विचारला. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते. “भाभी, तुमचं देवघर आहे तसं माझ्या हॉलमध्ये येईल. दिवा ती लावेल. काडेपेटी मी जवळ ठेवीन, पोर अजून लहान आहे.” मी कोर्टासमोर यापेक्षा मोठे आश्वासन मागत नाही.

कलम ५. वारजे येथील सदनिका, बँकेतील ठेवी आणि शाळेकडून मिळणारी सेवासमाप्तीची रक्कम हे सर्व वैभवीचे आहे. ती सज्ञान होईपर्यंत त्याचे विश्वस्त श्री. शैलेंद्र कुवळेकर असतील, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तेच करतील. दादांच्या प्रामाणिकपणाविषयी मला कधीही शंका आली नाही. वांग मांगच्या बाबतीत चूक ही झाली की राज्याचा शिक्का आणि मूल एकाच हातात गेले. असा हात कितीही स्वच्छ असो, त्याला विचारणारे कोणी उरत नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत शिक्का दादांकडे राहील आणि मूल शहनाझकडे. दोघांना एकमेकांना फोन करावाच लागेल.

दादा, उन्हाळ्याची सुट्टी ती तुमच्याकडे घालवील. तुम्ही सुजीतला सायकल शिकवताना दोघेही कालव्यात पडला होतात, ही गोष्ट तिला ठाऊक नाही. ती तुमच्याखेरीज आता कोणालाच सांगता येणार नाही.

कलम ६. त्या तान्ह्या वारसाला कोणी विचारले नव्हते. मी वैभवीला विचारले. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा रंगवीत होती.

“मी नसेन तेव्हा तू शहनाझ काकूंकडे राहावंस, असं मी लिहितेय. चालेल तुला?”

ती बराच वेळ समुद्र निळा करीत राहिली. “विल काका फील बॅड?”

“हो. वाटेल त्यांना वाईट.”

“अँड आंटी विल लेट मी टॉक अबाउट यू?”

“हो.”

“एनी टाइम? इव्हन ॲट डिनर?”

मी हो म्हटले. “मग लिही,” ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

तेव्हा पालक, विश्वस्त आणि इतर सर्व संबंधितांवर माझी एकच अट आहे. वैभवीला तिच्या आईविषयी आणि बाबांविषयी बोलावेसे वाटेल तेव्हा बोलू द्यावे, आणि ऐकणाऱ्याने तिला उत्तर द्यावे, जेवतानासुद्धा. हा शेवटचा शब्द तिने वाचून घालायला लावला आहे.

येथवरचा मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि दोघांच्या समक्ष सही केली.

सही: सुनेत्रा सुजीत कुवळेकर

साक्षीदार:
१. उझमा काझी, सहशिक्षिका (सही)
२. रफिक मुकादम, शाळेचे ग्रंथपाल (सही)

स्थळ: शारजा
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५