चोर नसताना

मंगळवार, जानेवारी १९३८

आज आक्काला बैलगाडीतनं तळेगावच्या डॉक्टरांकडं नेलं. चार महिनं झालं, तिला रक्ताचे जुलाब व्हत्यात. मी तिला 'परसाकडची पाटलीण' म्हनून चिडवायचो. आता तोंडातनं निघत न्हाई.

डॉक्टरांनी तिची रक्ताची आव काचेवर घेतली अन् भिंगाच्या नळीतनं बघितली. मलाबी दावली. नुसतं बारीक गोल ठिपके, दाटीवाटीनं.

"या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू आला की मारायला धावतात."

"मंग जंतू कुटं हाय?"

"एकही सापडला नाही. तरी या जमल्यात, आणि आतडंच सोललं जातंय. का, ते मलाही कळत नाही. औषध देतो, पण खात्री देत नाही."

मला खळ्यावरची रात आठवली. गेल्या सुगीत मी खळ्यावर मजेनं 'चोर, चोर' वरडलो व्हतो. समदे काठ्या घेऊन धावले. चोर नव्हताच. नानाचुलता घोंगडं पांघरून पेंढ्यात निजलेला, त्यालाच बडवला. अजून लंगडतोय. मारनारे तरी वाईट कुटं व्हते?

येताना गाडीत आक्काला डॉक्टरांचं अन् खळ्यावरचं समदं खरं सांगितलं. ती म्हनली, "मंग काठ्या थांबल्या कशा?"

"मीच वरडलो, आपला नाना हाय म्हनून."

"मंग माज्या पोटाशीबी वरड की, आपलीच हाय म्हनून."

ती हसली, अन् पोट धरून वाकली.

वाटेतल्या घोरावाडीपतोर तिच्या पोटाशी तोंड नेऊन मी खरंच हळू म्हनत व्हतो, आपलीच हाय, आपलीच हाय.