आबांसाठी अडवलेली लाइन

दौंड, मंगळवार, १२ मार्च १९६३

१. सकाळी अकरा वाजता भांडगावजवळ उसाची बैलगाडी उलटली. गाडीवानाचा पाय चिरडला.
२. त्याच्या भावाने कारखान्याच्या डॉक्टरांसाठी फोन लावला. मी कारखान्याची टेलिफोन ऑपरेटर; आमच्या दोन्ही लाइनी त्याला एंगेज मिळाल्या.
३. पाऊण तासाने तो भाऊ डॉक्टरांना न्यायला सायकलवरून कारखान्यात आला.

एंगेज कसल्या? एका लाइनवर कोणी बोलतच नव्हते. चेअरमन आबांना ताटकळावे लागू नये, म्हणून मॅनेजर तिचा प्लग दिवसभर खोचून ठेवायला लावतात. आणि मी खोचते. मग टेलिफोनचा नवा बोर्ड कशाला आणला?

हे विचारल्यावर मॅनेजर म्हणाले, "आबांना थांबवायचं व्हय? बाई, मशीन शिकलात, आता माणसं वळखायला शिका."

प्लग मी काढला आहे. उद्या त्यांना पत्र देणार: ही लाइन सर्वांसाठी मोकळी राहणार नसेल, तर मी काम सोडते. शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर द्यावे.