तीनशेचा पट

३० मार्च १९९९, मंगळवार

दोंडाईच्याला पोचलो. भुसावळपासून खिडकीची जागा मिळाली, त्यातच अर्धी नोकरी पक्की झाल्यासारखं वाटलं. स्टेशनावर संस्थेचे शिपाई आधारभाऊ न्यायला आले होते. साठीचे, पांढरी टोपी, बोलणं अस्सल अहिराणी. मी रावेरकडचा. मी काही बोललो की ते हसतात, ते काही बोलले की मी. आमचं जमणार.

संस्था म्हणजे मिरचीच्या वखारीवरचा मजला आणि सहा कॉम्प्युटर. संचालक अभिमन सर बोलायला मोठे गोड. मला लिनक्सवर सर्व्हर उभा करायचाय. धडे, चाचण्या, हजेरी, सगळं विद्यार्थ्यांनी मशीनवरच करायचं. खानदेशात असं कुणी केलेलं नाही, असं सर म्हणाले. पुण्यातही फारसं कुणी केलेलं नाही, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

काम जमलं तर जूनपासून कायम. मग कोकिळेला इथे आणणार. धाकटी बहीण, बारावी झालेली. आई गेल्यापासून आबांच्या भाकरी थापते आणि प्रत्येक पत्रात विचारते, दादा, कॉम्प्युटर कधी शिकवणार? आता फार दिवस नाहीत, बाई.

३ एप्रिल, शनिवार

लिनक्स तीनदा रुसलं, चौथ्यांदा बसलं. मित्राने दिलेल्या सीडीवरून अभ्यासक्रमाची आज्ञावलीही चढवली. विद्यार्थ्याने नाव आणि पासवर्ड टाकून धडा उघडला की तो हजर. कोण कुठल्या मशीनवर बसला त्याचीही नोंद होते. दुपारी बाराला सर्व्हर आपला आपण पट वाचतो आणि प्रिंटर कागद काढतो. आधारभाऊंनी मशीनवर ऑइल पेंटने एक ते सहा आकडे काढून दिले. सहाचं पोट जरा सुटलंय.

भाऊ पूर्वी प्राथमिक शाळेत शिपाई होते. तिथे पोरगं आलं नाही की गुरुजी वर्गातली दोन पोरं त्याच्या घरी धाडायचे. दारात उभं राहून नाव घेऊन हाक मारायची, ओ आली की हात धरून आणायचं. मला ही पद्धत इतकी आवडली की ती मी सर्व्हरलाच शिकवली. जो गैरहजर, त्याच्या क्रमांकाला सगळ्यांत जवळचे जे दोन हजर असतील त्यांच्या नावाने, एकाला एकच, चिठ्ठी निघते: घरून आणावे. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. आज सात चिठ्ठ्या निघाल्या आणि सातही जण आले. एकाला तर खालच्या वखारीतून शिंकत शिंकत आणला. सर खूश, मी त्याहून खूश.

७ एप्रिल, बुधवार

एकोणीस तारखेला मान्यतेची तपासणी आहे. पट तीनशेचा हवा, आपले दोनशे बासष्ट. सरांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, पट भर. माणसं कोण मोजतो, यादी बघतात. शिवाय कुणी सोडून गेलं तरी पट तीनशेखाली येता कामा नये, अशी अट सर्व्हरवर घालून ठेव म्हणाले.

घातली. कपाटात जुनं रजिस्टर सापडलं, संस्था टायपिंगचे वर्ग चालवायची तेव्हाचं. त्यात सदतीस नावांवर तांबड्या शाईची रेघ. सोडून गेलेले असणार, आता कशाला तक्रार करतील? क्रमांक दोनशे त्रेसष्टपासून दोनशे नव्याण्णवपर्यंत पत्त्यांसकट चढवले. एक नाव कमी पडलं. तिथे कोकिळेचं टाकलं. क्रमांक तीनशे, मुक्काम रावेर. नाहीतरी जूनमध्ये ती येणारच आहे.

९ एप्रिल, शुक्रवार

फजिती झाली. नव्या नावांच्या चिठ्ठ्या बंद करायच्या राहिल्या. कालपासून अडतीस चिठ्ठ्या निघाल्या आणि आमची आज्ञाधारक पोरं सायकली काढून गावोगाव निघाली. रावेरची चिठ्ठी तेवढी लांब म्हणून हसून टाकून दिली. बाकी सदतीस दारांत हाका मारून आली.

दुपारी द्रौपदाबाई नावाच्या म्हातारीला घेऊन दोन मुली परत आल्या. तिच्या दारात त्यांनी निंबा म्हणून हाक मारली आणि आतून ओ आली. घरात म्हातारी एकटी. निंबा तिचा मुलगा, अकरा वर्षांपूर्वी गेलेला. ती भांडली नाही. पायरीवर बसून राहिली आणि ओ कुणी दिली, एवढंच विचारत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

ती गेल्यावर आधारभाऊंनी सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली टायपिंगच्या मुलांची सहल गेली होती. येताना ट्रक पुरात तापीत गेला. रजिस्टर त्याच वर्षाचं. त्या बठ्ठा मरेल शेतस, म्हणाले. म्हणजे सगळेच मेलेले. मी म्हटलं, चुकलो, पण नुसती नावंच तर आहेत. त्यांनी मान हलवली. मरेल मानूसनं नाव त्याना घरनाच लेतस, भाऊ. मेलेल्याचं नाव त्याच्या घरच्यांनीच घ्यायचं. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरचे घागर भरून बोलावतात, जेवू घालतात आणि परत लावून देतात. परक्याने हाक मारली तर त्यांना परत कोण लावणार?

मी चिठ्ठ्या बंद केल्या.

१२ एप्रिल, सोमवार

बाराच्या कागदावर दोनशे त्रेसष्ट, निंबा: हजर. कुणीतरी खोडी केली म्हणून नोंद उघडली. मशीन सात.

आपल्याकडे सहाच आहेत. उठून मोजलीसुद्धा. सहाच्या पलीकडे भिंत, आणि भिंतीशी फरशी ओली. बाहेर त्रेचाळीस अंश. माठ पाझरत असेल म्हणून बघितलं, तर माठ दुसऱ्या टोकाला.

१३ एप्रिल, मंगळवार

मशीन सातवरून एकोणीस जण. चाचणीही दिली. उत्तरं सगळी बरोबर.

१४ एप्रिल, बुधवार

जयंतीची सुट्टी. सगळं गाव मिरवणुकीत, मशीन बंद, लॅबला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. सर्व्हर तेवढा चालू होता. संध्याकाळी नोंद पाहिली. सदतीसच्या सदतीस दिवसभर धडा उघडून बसले होते.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, वा, नाहीतरी हजेरी दाखवायचीच होती.

१५ एप्रिल, गुरुवार

नावं काढायला बसलो. सर्व्हर म्हणतो, पट तीनशेखाली येऊ शकत नाही. माझीच अट. ती खोडली, पुन्हा उघडलं तर जशीच्या तशी. पाच वेळा. बंद केलेल्या चिठ्ठ्याही पुन्हा चालू.

मग कळलं की मी चढवलेल्या अडतीसांपैकी गैरहजर आता एकच आहे. कोकिळेच्या नावाने मी स्वतः धडा उघडला, मशीन तीनवरून. तरीही कागदावर ती गैरहजर.

१६ एप्रिल, शुक्रवार

चिठ्ठी निघाली. क्रमांक तीनशे, कोकिळा तोताराम, रावेर. घरून आणावे. जाणार: २९८ ताईबाई, २९९ केसर.

फाडायला हात पुढे केला, तर प्रिंटरवर कागद नव्हता. दारापर्यंत ओली पावलं. दोघींची.

१७ एप्रिल, शनिवार

रावेरला केळी विकणाऱ्या शेतकऱ्यांच्या ग्रुपच्या ऑफिसात फोन करून तिला बोलावून घेतलं. हसत होती. म्हणाली, तुमच्या वर्गातल्या दोन मुली येऊन गेल्या. भर उन्हात केस ओले, अंगणातच उभ्या, पाणी दिलं तर नको म्हणाल्या. आपण आबांबरोबर मळ्यात निघालो होतो, म्हणून उद्या येतो म्हणाल्या.

मी सांगितलं, नाव घेऊन कुणीही हाक मारली तरी ओ देऊ नकोस. ती म्हणाली, दादा, तुला ऊन लागलंय.

लगेच रजा मागितली. सर म्हणाले, सोमवारी तपासणी आहे, आज गेलास तर परत येऊ नकोस. चारची गाडी डोळ्यांदेखत गेली. मी फलाटावर पिशवी घेऊन उभा होतो आणि चढलो नाही. सोमवार झाला की मंगळवारी जातो असं स्वतःला सांगितलं. नोकरी तिच्यासाठीच तर —

लाज वाटते लिहायला.

१८ एप्रिल, रविवार. अखजी

आधारभाऊ घरी घागर भरायला गेलेत. संस्था बंद.

११.२० — फोन. ग्रुपवाला म्हणाला, कोकिळा झोक्यावर होती. दोन मैत्रिणींनी हाक मारली. ओ म्हणाली आणि गेली. पायात चप्पल नाही. आबा नदीकडे धावलेत.

११.४० — लॅब. सर्व्हरची वायर उपटून टाकलीय. पडदा तरी चालू.

तिच्या जागी दुसरं कुणी टाकलं तर पट तीनशेच राहील. अभिमन सरांचं नाव टाइप केलं. खोटं कशाला लिहू, केलं. मग पुसलं. तिचं नाव मीच चढवलं होतं. आता माझं टाकलं. पंडित तोताराम, पत्ता हाच. तिला सोडा.

१२.०० — पट ३०१.

तीनशेच्या खाली नको, एवढंच मी लिहिलं होतं. वर जाऊ नये असं कुठे —

तिचं नाव तिथेच आहे. क्रमांक ३००. मशीन सात. हजर.

हजर

प्रिंटर चालू झाला. क्रमांक ३०१, पंडित तोताराम, गैरहजर. घरून आणावे. जाणार: २९९ आणि

जिन्यावर पावलं. अनवाणी. ओली. एक जण मागे थांबली, एक वर येतेय.

दारात. दादा म्हणते. जेवायला हाक मारते तशीच. ओ द्यायची नाही. मीच तिला सांगितलं होतं, ओ द्यायची —

पुन्हा. दादा, चल ना, मला एकटीला —

कोकिळा, किती भिजलीस गं. थांब, आलो, मी